पुण्याजवळ एमटीबीसाठी (माउंटन बाइकसाठी) जंगल, माळ आणि नदीचं खोरं एका दिवसात होईल असा रूट आहे का?

नवखा_हार्डटेल (ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं ब्रिस्टलला ऑनसाइट होतो, तिथे सायकलचा किडा लागला. दर दुसऱ्या शनिवारी फॉरेस्ट ऑफ डीनला जायचो, तिथला वर्डरर्स ट्रेल म्हणजे ११ किलोमीटरचा निळा (म्हणजे मध्यम अवघड) ट्रेल, ओकचं जंगल, चढउतार, आणि वेळ उरला तर खाली वाय नदीच्या काठाने निवांत. आता कोथरूडला परत आलोय आणि आल्या आल्या २९ इंची हार्डटेल (फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली सायकल) घेतली, पुढचं सस्पेन्शन १२० एमएम आहे. वेताळ टेकडीवर तीनदा जाऊन आलो, खाणीच्या बाजूला मजा येते, पण सकाळी फिरायला येणारे काका-काकू इतके असतात की ब्रेकवरच बोट ठेवून चालवावी लागते.

तर असं काही मिळेल का जिथे थोडा माळ, थोडं जंगल आणि नदीचं खोरं सगळं एका दिवसात होईल? डोक्यात राजमाची आणि अंधारबन आहे. पावसाळ्यात हिरवं असताना केलं तर भारी ना? कुणाकडे जीपीएक्स फाइल (जीपीएसवर टाकायची वाटेची नोंद) असेल तर द्या प्लीज.

दगडगोटे

भाऊ आधी अंधारबन डोक्यातून काढ. ते ताम्हिणी अभयारण्याच्या पट्ट्यात येतं, आणि पावसाळ्यातल्या रविवारी त्या पायवाटेवर लग्नाच्या पंगतीसारखी रांग असते, एका बाजूला दरी, त्यात तू सायकल घेऊन कुठे घुसणार.

राजमाची चालेल पण आत्ता नाही. लोणावळ्याहून तुंगार्ली धरणावरून उधेवाडीपर्यंत साधारण १५-१६ किलोमीटर, आणि तेवढंच परत, वाट खाली-वर आहे त्यामुळे येतानाही चढ सुटत नाहीत. मी एकदा जुलैत गेलो होतो, हिरवं वगैरे सगळं खरं आहे, पण दिसतं कुणाला, सगळा वेळ डोळे चाकाच्या पुढच्या दोन फुटांवर. दगडावर शेवाळ, मध्ये ओढे, आणि चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मधे अशी बसते की चाक फिरायचंच बंद होतं, मग काडीने खरवडत बसायचं, शंभर मीटर जायचं, परत खरवडायचं. शेवटचे चार किलोमीटर सायकल मला नाही, मी सायकलला घेऊन गेलो. आणि जूनमधे काजव्यांच्या दिवसांत तर जाऊच नको, रात्री त्या वाटेवर जीपची लाइन असते.

नोव्हेंबर ते जानेवारी, बास. फेब्रुवारीनंतर ऊन मारतं आणि डोंगरांना वणवे लागायला लागतात.

नाणे_मावळकर

मी मावळातलाच, आमचं गाव कामशेतच्या आत नाणे मावळात. वरच्या दादांनी सीझन बरोबर सांगितला पण कारण फक्त चिखल नाही हो. तुमच्या इंग्लंडात ट्रेल सायकलसाठी बनवलेला असतो, पाटी असते, रंग असतो. इथं तुम्ही ज्याला ट्रेल म्हणता ती कुणाची तरी रोजची वाट आहे. गुराख्याची, बैलगाडीची, पाण्याला जाणाऱ्या बायकांची. जुलै-ऑगस्टला आवणी (भातलावणी) झालेली असते, खाचरं पाण्यानं भरलेली असतात आणि दोन खाचरांमधला बांध तुम्हाला लांबून मस्त सिंगलट्रॅक (एका सायकलपुरती अरुंद वाट) दिसतो. मागच्या वर्षी चौघं जण आले, हेल्मेट बिल्मेट घालून, आणि सरळ आमच्या बांधावरनं गेले. चिखलात चाकाची चर पडली दोन बोटं खोल, रात्री पाऊस आला, त्या चरीतनं पाणी जायला लागलं आणि सकाळपर्यंत हातभर बांध फुटला. वरचं खाचर रिकामं, खालच्यातलं रोप आडवं. आजोबा फावडं घेऊन दिवसभर लिंपत होते. त्या पोरांच्या गावीही नसेल.

कापणी-झोडणी उरकली की म्हणजे नोव्हेंबर अखेरनंतर बिनधास्त या, खाचरं मोकळी असतात, कुणी काही म्हणत नाही, उलट चहा पाजतील. फक्त जीपीएक्सच्या भरवशावर राहू नका. दरवर्षी कुठं ना कुठं प्लॉट विकला जातो, तारेचं कंपाउंड पडतं आणि परवाची वाट आज गेटला जाऊन संपते. माणूस दिसला की विचारा, "ही वाट कुठं निघती?" आणि कुत्रं मागं लागलं तर पळवू नका, उतरा आणि सायकल मधे धरा, ते थांबतं.

पेडलवाली_अनु

नाणे मावळकर दादांना +१. मी स्वतः पूर्वी एकदा बांधावरून गेलेय, माहीत नव्हतं, आता लाज वाटतेय.

रूट देते. लोकलने मळवलीला उतरा (सायकलचं आधी स्टेशनवर विचारून घ्या, नाहीतर गाडीला रॅक लावून या). एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव. लेण्यांचा फाटा सोडून वर गायमुख खिंडीकडे चढायचं, इथे खरा दम निघतो, मी दर वेळी दोनदा उतरते आणि फोटो काढायचंय असं सांगते. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि मधे झाडी, डिसेंबरातसुद्धा गार सावली. हे तुझं जंगल. पुढे लोहगडवाडी, तिथे पिठलं-भाकरी मिळते. मग उतरत दुधिवरे खिंड, आणि खिंडीतून बाहेर आलं की समोर एकदम पवनेचं खोरं उघडतं, पाणी, पलीकडे तुंग, तिकोना. मग पवनानगर आणि बेडसे-करुंजच्या बाजूने कामशेत स्टेशन. तीसेक किलोमीटर होतात. जिथून सुरू केलं त्याच्या पुढच्याच स्टेशनवर संपतं, पुण्याच्या दिशेने, त्यामुळे मागे जायची कटकट नाही.

आधीच सांगते, निम्म्याहून जास्त डांबरी आहे. पण खिंडीच्या अलीकडचा मुरूम-दगडाचा तुकडा आणि धरणाजवळच्या गुरांच्या वाटा तुला पुरतील. आणि लांब मोजे घालू नको, माळावरचं वाळलेलं गवत म्हणजे नुसती कुसळं, घरी येऊन चिमट्याने काढत बसशील.

चेनल्यूब_काका

रूट उत्तम. मी सामानाचं बोलतो, वय झालंय, पडून झालंय.

टायर ट्यूबलेस कर. मावळात बाभूळ आणि बोराटीचे काटे आहेत, ट्यूब घालून गेलास तर पॅच लावता लावता सूर्य मावळेल. सीलंट (काट्याचं भोक आतून बुजवणारं द्रव) भर आणि हवा कमी ठेव, २.२५ इंची टायरला पुढे २३ मागे २६ पीएसआयपासून सुरुवात कर, आपली रस्त्यावरची सवय ४० भरायची असते आणि मग वाळक्या मुरमावर मागचं चाक वाटाण्यावरून घसरल्यासारखं जातं.

दुसरं, उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नकोस. धर, सोड, धर. डिस्क तापते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत ज्या उतारावर या खेळाच्या पहिल्या शर्यती झाल्या त्याचं नावच रिपॅक पडलं, कारण त्या जुन्या सायकलींना पायाने मागे दाबायचा ब्रेक असायचा, एका उतारात हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि खाली गेल्यावर परत भरावं लागायचं. तुझी हायड्रॉलिक आहे, धूर निघणार नाही, पण लिव्हर मऊ पडली की समजून थांब.

आणि एक स्पेअर डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो छोटा तुकडा) पिशवीत टाक. लोक टाकत नाहीत. टाक.

ग्लॉस्टरचा_गण्या

अरे मी आत्ता फॉरेस्ट ऑफ डीनपासून अर्ध्या तासावर बसून हे वाचतोय, जळफळाट झाला, इथे आज पण पाऊस आहे. एक सांगतो, इथेही सगळ्या वाटा सायकलला मोकळ्या नाहीत. फुटपाथची (फक्त चालणाऱ्यांच्या वाटेची) पाटी असली की सायकल चालवायचा हक्क नाही, ब्रिडलवे (घोड्यांनाही मोकळी वाट) असला की चालतं, तेही १९६८ च्या कायद्यामुळे, आणि त्यात अट अशी की चालणाऱ्याला आणि घोडेवाल्याला आधी वाट द्यायची. त्यामुळे बांधाचं जे वर लिहिलंय ते इथल्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो पण मान डोलावेल. बाकी पिठलं-भाकरी वाचून पुढचं लक्ष लागलं नाही.

नवखा_हार्डटेल (डिसेंबर)

धागा वर काढतोय, कारण काल करून आलो!! अनुताईंचा रूट, मी आणि ऑफिसातला एक मित्र, गाडीला रॅक लावून मळवलीला गेलो, सव्वासातला सुरुवात. भाज्यावरून वर जाताना धुकं खाली राहिलं आणि आम्ही वर आलो, खिंडीत पोचलो तेव्हा झाडीत इतकी शांतता होती की माझ्या फ्रीहबची (मागच्या चाकाच्या हबची) टिकटिक मलाच मोठी वाटायला लागली म्हणून पेडल मारत राहिलो. दुधिवरे खिंडीनंतरचं ते खोरं उघडतं ना, त्याबद्दल ताई तुम्ही कमी लिहिलंय.

आता ऐका. पवनानगरच्या पुढे डांबरी सोडून एका बैलगाडीच्या वाटेला लागलो, अर्थात विचारून, एका आजींनी हात करून दाखवली. मोठा गोटा चाकाखालून उडाला, मागे कडाक आवाज, बघतो तर डिरेलर स्पोकला टेकलेला आणि हँगर मोडलेला. काका, हो, घेतला नव्हता. तुमचं वाक्य शब्दशः आठवलं. मित्राने चेन तोडून छोटी करून एकाच गिअरवर जोडायचा प्रयत्न केला, दोनशे मीटर चालली आणि उतरली. शेवटी त्या आजींच्या नातवाने भाताच्या पेंढ्याने भरलेल्या टेम्पोत पेंढ्यावरच सायकल आडवी टाकली आणि आम्हाला कामशेतपर्यंत सोडलं, पैसे घेईना, म्हणाला डिझेल तसंही जाणारच होतं. अंगभर पेंढा. मोज्यांना कुसळं. लांबच घातले होते, ऐकलं नाही.

दुकानात फोन केला तर म्हणतात हँगर स्टॉकमधे नाही, ऑनलाइन शंभर प्रकारचे दिसतायत, कुठला घेऊ?

चेनल्यूब_काका

अंदाजाने मागवू नकोस, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. मोडलेले दोन्ही तुकडे फेकले नाहीस ना? ते कागदावर जोडून ठेव, फोटो काढ, भोकं किती आणि स्क्रू कुठल्या बाजूने जातो ते दिसू दे, आणि इथे टाक. दोन मागव.

नाणे_मावळकर

टेम्पो निळा होता का? मागं "आई एकवीरा" लिहिलेला? तो आमचा चुलतभाऊ. पुढच्या वेळी येताना त्याला सायकल चालवायला द्या एक राउंड, काल रात्रीपासून तेच म्हणतोय.