श्मिर्लरच्या ओढगस्तीचे गोडवे आता पुरेत

प्रेअरीकर (धागाकर्ती)

मार्च २०२५ मध्ये कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याच्या खेळात, रेचल होमनच्या कॅनडाच्या संघाने दक्षिण कोरियातील उईजाँगबू येथे स्वित्झर्लंडला ७-३ असे हरवून सलग दुसऱ्यांदा महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले. अभिनंदनाच्या धाग्यावर चार बरे शब्द पडत होते, तोवर 'थंडोबा' यांनी आपले ठेवणीतले मत मांडले. त्याचा सारांश असा : सँड्रा श्मिर्लरच्या संघातील बायका नोकरी आणि संसार सांभाळून खेळल्या, तरी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकहून कॅनडासाठी सुवर्णपदक घेऊन आल्या, आजच्या खेळाडू पूर्णवेळ खेळतात, पैशामागे धावतात, जुन्या मैत्रिणींना संघातून काढतात आणि खेळाची मर्यादाही पाळत नाहीत.

हे मत मी गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे, म्हणून एकदाच सविस्तर उत्तर देते. श्मिर्लर थोर होती, यात वाद नाही. १९९७ मध्ये ब्रँडनला ऑलिंपिकची निवड स्पर्धा झाली तेव्हा तिची थोरली मुलगी काही आठवड्यांची होती. तरीही अंतिम सामन्यात बाजूच्या दगडावर आपटून आत वळणारा तो फटका तिने असा मारला, की तिच्या रेजायना शहरात आजही त्याचे वर्णन हातवारे करून ऐकवले जाते. परंतु ती तान्हे मूल असताना खेळली याचे कौतुक करताना, तिला तसे खेळावे लागले याची लाज कोणालाच कशी वाटत नाही? तिच्या संघातली जोन मॅककस्कर शिक्षिका होती. रजा जमवून सराव करायचा, सराव संपला की कामावर जायचे, हा त्यांचा आदर्श नव्हता. दुसरा पर्याय नव्हता, एवढेच.

शिवाय नागानोला महिलांचे आठच संघ होते आणि त्यांत कोरिया नव्हता. त्याच कोरियाने २०१८ मध्ये रौप्यपदक मिळवले आणि जपानने २०२२ मध्ये. २०१८ मध्ये आपला संघ पहिले तिन्ही सामने हरला आणि चार विजय आणि पाच पराभव अशा कामगिरीवर परतला. महिला संघ पदकाविना परतण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२२ मध्ये बीजिंगला आपला म्हणजे जेनिफर जोन्सचा संघ, ब्रिटन आणि जपान यांची ५-४ अशी बरोबरी झाली आणि ड्रॉ शॉटच्या सरासरी अंतरावर (दगड लक्ष्याच्या केंद्रापासून किती दूर थांबतो त्या मोजणीवर) आपण बाहेर पडलो. ज्या दोघींमुळे बाहेर पडलो, त्याच पुढे सुवर्णपदकासाठी एकमेकींविरुद्ध खेळल्या. जगाशी आपले अंतर आता सेंटिमीटरमध्ये मोजले जाते. अशा वेळी खेळाडूंनी शनिवार-रविवारी सराव करून जिंकावे, ही अपेक्षा भाबडी तरी आहे किंवा कंजूष तरी.

थंडोबा

ताई, मी ओढगस्तीचे गोडवे गायलेले नाहीत. मी साधेपणाचे कौतुक केले. या दोहोंतला फरक तुम्हाला कळत नसेल तर माझा नाइलाज आहे. नव्वदच्या दशकात मी रेजायनाला आलो. तेव्हा या बायका बाजारात, मुलांच्या शाळेत, पोहण्याच्या तलावावर अशा कुठेही भेटत आणि बोलत. सन २००० च्या मार्चमध्ये श्मिर्लर वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी कर्करोगाने गेली, तेव्हा सॅस्काटूनमध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, ब्रायर, चालू होती. तिच्या अंत्यविधीचे थेट प्रक्षेपण झाले आणि त्या दुपारचे सामने त्यासाठी उशिरा सुरू करण्यात आले. खेळाडू म्हणून असे प्रेम किती जणींच्या वाट्याला येते? हे प्रेम बक्षिसाच्या रकमेवर मिळत नसते.

आणि मर्यादेचा मुद्दा तुम्ही सोयीस्करपणे वगळलात. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कविरुद्ध काय घडले? स्वीपिंग करताना, म्हणजे धावत्या दगडापुढचा बर्फ घासताना, डॅनिश खेळाडूचा ब्रश त्यांच्याच दगडाला लागला, आणि होमनने क्षणाचाही विचार न करता तो दगड उचलून बाजूला सारला. ते पाहून मी टीव्ही बंद केला. सीबीसी या कॅनडाच्या वाहिनीवर समालोचन करणारी बाई 'ही घाई झाली, दगड खेळातच ठेवायला हवा होता' अशा अर्थाचे बोलली. ती बाई कोण? तीच जोन मॅककस्कर, जिचा दाखला तुम्ही वर मोठ्या हौसेने दिला आहे.

नियमनिष्ठ

थोडी माहिती देतो, म्हणजे चर्चा भावनेवर कमी चालेल. खेळाच्या टोकाकडील हॉग रेषा (लक्ष्यवर्तुळाआधीची आडवी रेषा) ओलांडलेल्या धावत्या दगडाला खेळणाऱ्याच संघाचा स्पर्श झाला, तर दगड थांबू द्यायचा असतो. त्यानंतर प्रतिस्पर्धी संघापुढे तीन पर्याय असतात : तो दगड काढून टाकणे, सर्व दगड आहेत तेथेच राहू देणे, किंवा स्पर्श झाला नसता तर ते जेथे गेले असते तेथे ठेवणे. होमनने पहिला पर्याय निवडला. नियमभंग डेन्मार्ककडून झाला होता, तिच्याकडून नव्हे.

थंडोबा

नियमात बसते ते सारे शोभतेच असे नाही. नियमपुस्तक मीही वाचले आहे, आणि त्याच्या प्रारंभी खेळभावनेविषयी काय म्हटले आहे तेही वाचले आहे. अनुचित मार्गाने जिंकण्यापेक्षा हरणे बरे, असा त्याचा आशय आहे. ते पान तुम्ही उलटून पुढे गेलात वाटते.

लीडची_आई

या विषयावर मला बोलायचे नव्हते, पण आता राहवत नाही. माझी मुलगी अल्बर्टात कनिष्ठ गटात लीड (संघाचे पहिले दोन दगड टाकणारी) म्हणून खेळत असे. एका सामन्यात तिचा ब्रश धावत्या दगडाला लागला. ते कोणालाही दिसले नव्हते. शेजारच्या शीटवरच्या (खेळाच्या बर्फपट्टीवरच्या) आरडाओरड्यात आवाजही ऐकू आला नसता. तिने स्वतःच हात वर करून सांगितले. समोरच्या स्किपने (संघनायिकेने) हाउसमध्ये, म्हणजे लक्ष्यवर्तुळात, मधोमध बसलेला आमचा दगड पायाने ढकलून बाहेर काढला, आणि तोही हसत. आम्ही तो एंड (सामन्यातील एक फेरी) हरलो आणि सामनाही. घरी येताना गाडीत मुलीने विचारले, "मी सांगितले नसते तर?" या प्रश्नाचे उत्तर नियमनिष्ठ यांनी नियमपुस्तकातून शोधून द्यावे.

म्हणून होमनच्या त्या कृतीचे समर्थन मी कधीही करणार नाही. मोठ्या खेळाडू टीव्हीवर जे करतात, तेच आठवड्याभरात क्लबच्या बर्फावर बारा वर्षांची मुले करू लागतात.

नियमनिष्ठ

आपल्या मुलीविषयी आदर आहे. परंतु तिने सांगितले ते योग्यच होते, आणि समोरच्या स्किपने जे केले तेही नियमबाह्य नव्हते. हसणे अशोभनीय होते, हे मान्य. प्रामाणिकपणा दाखवला म्हणून प्रतिस्पर्ध्याने आपला हक्क सोडावा, ही अपेक्षा धरली तर त्या प्रामाणिकपणाचाही सौदाच होतो.

लीडची_आई

आपल्याला मुले नसावीत, असे दिसते.

नियमनिष्ठ

दोन आहेत, आणि दोघेही हॉकी खेळतात. चर्चा व्यक्तिगत पातळीवर नेल्याबद्दल आभार.

प्रेअरीकर

कृपया आवरा. धागा व्यावसायिकतेविषयी आहे आणि आपण २०१८ चा एक दगड उगाळत बसलो आहोत. आता निघालाच आहे तर मीही सांगून टाकते. तो सामना डेन्मार्कनेच जादा एंडमध्ये ९-८ असा जिंकला; म्हणजे त्या दगडाने आपले भले झाले नाही आणि त्यांचे बिघडले नाही. ओळीने दोन सामने हरून आलेल्या, देशभरातून शिव्या खाणाऱ्या संघाच्या स्किपने दडपणाखाली घेतलेला तो निर्णय होता. मला तो आवडला नव्हता. पण त्यावरून तिचे चारित्र्य ठरवायचे असेल, तर २०२१ चे कॅलगरी का आठवत नाही? तेव्हा आठव्या महिन्याचे पोट घेऊन ती स्कॉटीज ही महिलांची राष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि अंतिम सामन्यात केरी आयनर्सनकडून ९-७ असा पराभव पत्करून घरी गेली. एरवी श्मिर्लरच्या मातृत्वाचे पोवाडे गाणाऱ्यांना होमनचे मातृत्व दिसत नाही. ती दूरचित्रवाणीवर गोड हसत नाही, एवढाच तिचा गुन्हा असावा.

राहिले मैत्रिणींना काढण्याचे. संघातली एमा मिस्क्यू आणि होमन लहानपणापासून एकत्र खेळत आहेत.

लीडची_आई

आणि लिसा वीगल? तिचे नाव घ्यायला जीभ अडखळली वाटते! इतकी वर्षे लीड म्हणून तिने संघाचे ओझे वाहिले आणि २०२० च्या मार्चमध्ये तिला निरोप देण्यात आला. मधल्या रेषेवरचा प्रतिस्पर्ध्याचा गार्ड (आडोसा म्हणून ठेवलेला दगड) हलकेच टिचकी मारून बाजूला करायचा, पण खेळाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा टिक शॉट ती इतक्या सफाईने मारी, की लोक त्या फटक्याला तिच्याच नावाने ओळखू लागले. अशा खेळाडूची ही किंमत! स्किपला पुरस्कार, स्किपच्या मुलाखती, स्किपवर लेख. लीड मात्र बदलता येण्याजोगा सुटा भाग. माझ्या मुलीलाही एका संघाने फोनवरच्या दोन ओळींच्या संदेशाने काढले होते. त्यानंतर तिने बूट अडगळीत टाकले ते कायमचे.

हॅलिफॅक्सचा_वारा

वीगलबद्दल हळहळ समजते, परंतु हे व्यावसायिकतेमुळे घडले हा निष्कर्ष चुकीचा आहे. जेनिफर जोन्सने २०१० मध्ये कॅथी ओव्हरटन-क्लॅपमला काढून केटलिन लॉजला घेतले, तेव्हाही मॅनिटोबात असाच गदारोळ झाला होता. पुढच्याच वर्षी शार्लटटाउनच्या राष्ट्रीय स्पर्धेत कॅथीने मॅनिटोबाची स्किप म्हणून जोन्सला हरवले आणि अर्ध्या प्रांताने टाळ्या वाजवल्या. तरीही २०१४ मध्ये सोचीला जोन्सचा तोच बदललेला संघ अकराही सामने जिंकून सुवर्णपदक घेऊन आला. हौशी काळातही माणसे संघातून काढली जातच होती. फक्त त्याची बातमी क्लबच्या भिंतीबाहेर जात नसे.

माझे दुखणे वेगळे आहे. आमच्या गावच्या क्लबचे बर्फ बनवणारे यंत्र जुने झाले आहे आणि वीजबिल परवडेनासे झाले आहे. अव्वल चार-पाच संघांना पैसा द्या, जरूर द्या. पण पुढची कॉलीन जोन्स येणार कोठून? तिने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली ती हॅलिफॅक्सच्या क्लबात खेळून, आणि सोबत सीबीसीची नोकरी करून.

थंडोबा

पाहा! नोकरी करून! मी वेगळे काय म्हणत होतो?

हॅलिफॅक्सचा_वारा

थंडोबा, माझे अर्धे वाक्य उचलू नका. आपल्याला अर्धे उचललेले आवडत नाही, असे वरच्या दगडप्रकरणावरून वाटले होते.

प्रेअरीकर

क्लबांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो सुरुवातीला घ्यायला हवा होता, असे कोणी म्हणण्यापूर्वीच सांगते की त्यासाठी वेगळा धागा काढा. येथे एकच गोष्ट विचारते. २०१९ पर्यंत महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या संघाला ब्रायर जिंकणाऱ्या पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी रक्कम मिळत असे; २०२० पासून ती समान झाली. १९८२ पासून त्याच प्रायोजकाच्या नावाने चालणाऱ्या या स्कॉटीज स्पर्धेत खेळाडूंना हृदयाच्या आकाराची पदके आणि अंगठ्या दिल्या जात. दागिने सुरेख आहेत, मलाही आवडतात. पण दागिना घालून घरभाडे भरता येत नाही. 'पैशामागे धावतात' हा आक्षेप ब्रायरच्या विजेत्यांवर घेतलेला मी आजवर ऐकलेला नाही. थंडोबा, आपण तो कधी घेतला असल्यास दाखवा.

थंडोबा

घेतलेला नाही. ते खरे आहे.

पण म्हणून माझे सगळेच म्हणणे खोडून निघत नाही. पुरुषांनाही मी हेच म्हणेन, आता विचारलेत म्हणून. २०२४ मध्ये नोव्हा स्कोशियातील सिडनी येथे होमनच्या संघाने स्विस संघाची जागतिक स्पर्धांमधील ४२ विजयांची मालिका तोडली, तो सामना मी शेवटच्या दगडापर्यंत पाहिला आणि खुर्चीतून उठून टाळ्याही वाजवल्या. त्यांच्या खेळाला माझा विरोध नाही. त्यांना पूर्णवेळ मानधन मिळावे, हेही नाइलाजाने मान्य करतो, कारण स्वित्झर्लंड आणि स्वीडन थांबणार नाहीत. माझी एकच अट राहील : संघ म्हणून करार करायचा, आणि मधेच कोणाला काढायचे असेल तर तो हंगाम पूर्ण झाल्यावरच.

नियमनिष्ठ

वीगलला राष्ट्रीय स्पर्धा संपल्यावरच काढले होते.

थंडोबा

आपल्याला कोणी विचारले होते का?

लीडची_आई

थंडोबांची अट अपुरी आहे. मानधन चौघींना सारखे हवे, स्किपला जास्त आणि लीडला उरलेसुरले असे नको. आणि बाकावर कोट घालून बसणाऱ्या पाचव्या खेळाडूलाही ते मिळाले पाहिजे. काढल्यानंतर वीगल जेनिफर जोन्सच्या संघात गेली आणि बीजिंगला पाचवी खेळाडू म्हणूनच गेली होती. एवढे लिहून देणार असाल तर मी प्रेअरीकर यांच्या बाजूने आहे, नाहीतर नाही.