मदत हवी आहे: करारनामा करायच्या आधीच बिल्डर २० टक्के मागतोय

पुनावळ्यात बांधकाम सुरू असलेला टू बीएचके बघितलाय, ७२ लाखांचा. महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नंबर आहे, त्यांच्या वेबसाइटवर पझेशन डिसेंबर २०२८ दिसतंय. सेल्सवाला मात्र तोंडी "दीड वर्षात चावी" म्हणतो. (बोलायला काय जातंय!)

अडचण वेगळीच आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बिल्डरची माणसं म्हणतात, "२० टक्के भरा, नाहीतर दसऱ्यानंतर रेट वाढेल." बुकिंग फॉर्मवर रद्द केल्यास किती कापणार तो रकाना कोराच आहे, आणि सही मात्र आजच हवी. कलम दाखवलं तर "सगळे भरतात हो मॅडम."

वर ५ टक्के जीएसटी, ७ टक्के मुद्रांक शुल्क, चालू घरभाडं आणि प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंत कर्जावर भरायचं नुसतं व्याज). जीव मेटाकुटीला आलाय.

कुणी १० टक्क्यांवरच अडून बसून करारनामा करून घेतलाय का? लेखी काय मागितलंत? आणि फ्लॅट फक्त माझ्या नावावर घेतला तर महिलांच्या सवलतीमुळे मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचतो, पण कर्जात नवरा सहअर्जदार असेल तर बँक त्याचंही नाव करारनाम्यात घालायला लावते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.