दडपणारा दिसतच नसेल तर त्याला दडपशाही म्हणायचं का?

कडूलिंब (धागाकर्ता)
परवा ऑफिसात लिफ्टसाठी आम्ही चौघं उभे होतो, शेजारी सफाईचं काम करणाऱ्या एक बाई. लिफ्ट आली, आम्ही शिरलो, अजून तिघांना जागा होती. बाई बाहेरच. मी म्हटलं, "या ना." तर म्हणाल्या, "तुम्ही जा, मी दुसरीनं येते." पाटी नाही, नियम नाही, कुणी हटकलंही नाही.

जुलूम म्हटलं की आपल्याला चाबूक दिसतो. मॅरिलिन फ्राय या तत्त्वज्ञ बाईंनी १९८३ साली पिंजऱ्याचा दाखला दिला होता. एकाच गजाकडे बघत बसलं तर पक्षी त्याला वळसा घालून उडून का जात नाही, हे कळतच नाही. जरा मागे सरून पाहिलं की सगळे गज एकमेकांना धरून आहेत हे दिसतं. माझ्या मते दडपशाही म्हणजे ती जोडणी. एकेक गज वेगळा काढून दाखवला की तो किरकोळच वाटतो.

ताळेबंद
असहमत. त्यांच्या हातात बादली असेल, गर्दी नको असेल. तुम्ही एका लिफ्टवर अख्खा सिद्धांत उभा केलात. हल्ली बॉस ओरडला तरी दडपशाही, नोकरी नाकारली तरी दडपशाही. मग ज्याची खरोखर पाठ सोलली जाते त्याच्यासाठी शब्द कुठला उरला? आणि करणारा कोण ते सांगता येत नसेल तर दाद मागायची कुणाकडे?

कडूलिंब
बादली नव्हती.
बॉसचं मान्य. दुःखी असणं म्हणजे दडपलेलं असणं नव्हे, हे फ्रायही म्हणतात. नोकरी सोडली की ओरडणं संपत असेल तर तो नुसता तापट बॉस. पुढच्या, त्याच्याही पुढच्या ठिकाणी तुमच्या जातकुळीच्या माणसालाच ते ऐकावं लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

सांजवेळ
करणारा नसला तरी परिणाम मोजता येतो. १९४० च्या सुमारास अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. छान कोणती? बहुतेकांनी गोरी उचलली. शेवटी विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तिथे काही मुलांना रडू फुटलं. तीन वर्षांच्या पोराला हे शिकवणीला बसवून कुणी सांगितलं नव्हतं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

ताळेबंद
अर्धी गोष्ट सांगितलीत. त्याच पाहणीत गोऱ्या बाहुलीचा ओढा उत्तरेकडच्या, मिश्र शाळांतल्या मुलांत दक्षिणेपेक्षा जास्त निघाला होता. मग वेगळ्या शाळांमुळे हे झालं, हे सिद्ध कसं होतं?

सांजवेळ
शाळांपुरतं तुमचं बरोबर आहे, तो पुरावा कच्चाच होता. पण मुद्दा मात्र तुम्हीच पक्का करून दिलात. शाळेची भिंत नव्हती तिथेही मूल स्वतःला खालचंच मानत होतं. म्हणजे भिंत हा एक गज.

वाटसरू
आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंनी १९९० च्या पुस्तकात दडपशाहीची पाच रूपं सांगितली आहेत: शोषण, बाजूला टाकणं, निर्णयात काडीचाही वाटा नसणं, आपलीच रीत सगळ्यांची म्हणून लादणं, हिंसा. पाठ सोलणं हे त्यातलं फक्त शेवटचं. बाकी चालू द्या.

पाऊलवाट
एरवी नुसता वाचतो, आज लिहितो. माझी आई हेच काम करायची. एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. बोलली काहीच नाही. आई दुसऱ्या दिवसापासून जिन्यानं, सहा मजले, पंधरा वर्षं. पुढे गुडघे गेले. डॉक्टरांनी विचारलं, जिने फार चढता का? म्हणाली, "मला आवडतं चढायला." आणि हे सांगताना ती हसली, ते हसू मला अजून सोसत नाही. ताळेबंद, दाद कुणाकडे मागू? त्या रुमालवाल्या बाईला आठवतही नसेल.

ताळेबंद
बादलीचं मागे घेतो. शब्दाचं नाही घेत. तुमच्या आईच्या बाबतीत तो बसतो, पण म्हणूनच तो जपून वापरा म्हणतोय.

पाऊलवाट
आईनं तो कधीच वापरला नाही.