ऑडिशन होती का नुसता देखावा?

गावकरी_नंबर_३:
मंडळी, जरा मोकळं व्हायचंय. मी सांगलीचा, बँकेत आहे, कॉलेजात एकांकिका केल्या त्यानंतर दहा वर्षं काहीच नाही. गेल्या महिन्यात राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका हौशी संस्थेची ऑडिशन असल्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होता, वय ३० ते ४५, नवोदितांना संधी वगैरे. हाफ डे टाकून गेलो. वेळ चारची, नंबर लागला पावणेआठला. स्वगत पाठ करून गेलेलो, दोन वाक्यं झाली नाहीत तोवर दिग्दर्शक म्हणाले बास, हे वाचा. हातात झेरॉक्स दिली आणि त्यावर पेन्सिलनं आधीच लिहिलेलं, 'दादा डावीकडून एंट्री', 'दादा पॉज, मग खुर्चीकडे'. आणि दादा कोण, तर संस्थेचे अध्यक्ष, समोरच बसून माझी ऑडिशन घेतायत, पन्नाशी कधीच ओलांडलेली! मूव्हमेंट बसवून झाल्यात तर आम्हा चौदा जणांना बोलावलं कशाला? १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटकाचा पहिला खेळ केला म्हणून नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आपण, आणि हे असं. काल फोन आला, गावकरी नंबर ३ आहे, सेट हलवायलाही लागशील. जाऊ का नको?

विंगेतली_बाई:
पेन्सिलवाली स्क्रिप्ट 😂 मला ऑडिशननंतर प्रॉम्प्टिंगला बसवलेलं. प्रयोगाला दहा दिवस असताना नायिकेची बदली झाली, अख्खं नाटक पाठ असलेली मी एकटी, तरी दिग्दर्शकाची मेहुणी उभी केली आणि मी विंगेतून तिला दोन्ही अंक सांगितले.

तिसरी_घंटा:
मी बसवतो नाटकं, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. लेखकाची परवानगी, परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) सर्टिफिकेट, तालमीचा हॉल, सेटचा टेम्पो, या सगळ्याचे पैसे बऱ्याचदा असा एखादा दादाच घालतो आणि त्याला अभिनयाचं रौप्यपदक हवं असतं. वर नवीन पोरं रात्री ८ ते ११ च्या तालमीला पंधरा दिवस येतात आणि गायब, म्हणून ओळखीचाच माणूस घेतात. पण मेसेजमध्ये सरळ लिहायचं ना की छोट्या भूमिका आणि बॅकस्टेजला माणसं हवीत, चार तास ताटकळत ठेवायचं काय कारण? तू जा, पण आधी विचार तालमी कधीपासून, तुला रोज किती वाजता सोडणार.

गावकरी_नंबर_३:
विचारलं. म्हटलं गावकरी करतो, सेटला हात लावतो, पण सकाळी बँक असते, दहाला सोडा. 'दादांशी बोलून सांगतो' म्हणाले. चार दिवस झाले. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमाला तोंड दिसेलच.

विंगेतली_बाई:
तोपर्यंत गावकरी दोनच राहिलेत बघ.