नोकरी सांभाळून केलेलं डीबीए: अभ्यास की नुसतं बिरूद?

म्हापसेकर: नात्यातल्या एकाने, गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत मॅनेजर आहे, परदेशी संस्थेचं डीबीए, म्हणजे बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधली डॉक्टरेट, केलं. दोन वर्षं, सगळे वर्ग शनिवार-रविवारी झूमवर. आता व्हिजिटिंग कार्डावर ‘डॉ.’. माझ्या मते हे विकत घेतलेलं बिरूद. विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला कोर्सवर्क (आधीचे ठरावीक वर्ग) धरून किमान तीन वर्षं, आणि ऑनलाइन तर चालतच नाही. एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांच्या परदेशी ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईने त्याच वर्षी जाहीर बजावलं होतं.

फोंडेकर: पीएचडीचे नियम डीबीएला कशाला लावता? हार्वर्डसुद्धा कित्येक वर्षं डीबीएच देत होतं.

म्हापसेकर: देत होतं, पण पूर्णवेळ संशोधन करून घेऊन. म्हणून तर पुढे त्याचं नाव बदलून सरळ पीएचडी केलं. वीकेंडवाल्यांनी हार्वर्डच्या पदराआड लपू नये.

साखळीवाला: त्याने प्रबंधात लिहिलंय काय ते वाचलंत का? मीही वेर्ण्यातच आहे. टॅब्लेटचं मशीन एका औषधावरून दुसऱ्यावर न्यायचं म्हणजे आधी धुवायचं, आधीचं औषध उरलंय का ते तपासायला स्वॉब (पुसून नमुना) घ्यायचा आणि लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर हात बांधून बसायचं. नाइट शिफ्टला लॅबमध्ये माणूस नसला की मशीन सकाळपर्यंत उभं. यावर कुणी आपल्याच प्लांटचे आकडे काढून दोन वर्षं डोकं घातलं असेल, तर त्याला मी खुशाल डॉक्टर म्हणेन. आमच्या कारखान्यात पीएचडीवाले प्रश्नावली घेऊन येतात, एचआर ती भरून देतं, विषय संपला.

म्हापसेकर: असा विषय चांगला, मान्य. पण तपासला कुणी? पीएचडीला गाइडशिवाय निदान दोन बाहेरचे परीक्षक आणि तोंडी परीक्षा असते. इथे फी घेणारेच पास करणारे.

फोंडेकर: हे सगळ्याच संस्थांना लागू नाही हो. पण ही शंका रास्त आहे. प्रवेशाआधी परीक्षक कोण ते लेखी मागावं, टाळाटाळ झाली की फी भरूच नये.

कॉलेजवाली: मॅनेजमेंट शिकवते, म्हणून सांगते. कॉलेजात लागायचं असेल तर यात पैसे घालू नका. नेट-सेट या पात्रता परीक्षा द्या, यूजीसीच्या २०२३ च्या बदलानंतर असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची राहिलेली नाही. कंपनीतच राहायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा. साखळीवाल्यांचं म्हणणं मला पटतं.

साखळीवाला: म्हापसेकर, तुमच्या नातेवाइकाचा प्रबंध मिळाला तर पाठवा. आमची लॅब अजून रात्री बंदच असते.