गॅदरिंगचा 'ट्रायबल डान्स' आणि तोंडाला काळा रंग

गोदाकाठची

लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर काल गॅदरिंगची सूचना आली. तिसरीच्या मुलांचा 'आफ्रिकन ट्रायबल डान्स'. ड्रेपरीचे साडेतीनशे रुपये पाकिटात घालून पाठवा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी मुलांचं तोंड, मान, हात कोपरापर्यंत व पाय गुडघ्यापर्यंत काळे रंगवून आणा. आधी खोबरेल तेल चोळा, म्हणजे रंग नंतर लवकर सुटतो. खाली ड्रेपरीवाल्याचा फोटो : हिरव्या प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा, पिसांचा मुकुट, गळ्यात कवट्यांची माळ, हातात थर्माकोलचा भाला. पिशवीवर मार्करने लिहिलेलं, 'आदिवासी / आफ्रिकन / जंगली'. एकच सेट, तिघांनाही चालतो.

मी लिहिलं, नाच जरूर करा, रंग तेवढा नको. त्यावर हसून रडणाऱ्या तोंडांची रांग लागली आणि एका बाबांनी लिहिलं, "आमची उन्हात खेळून आधीच अर्धी रंगलीय, तिला निम्माच लावू." म्हणून इथे येऊन लिहितेय.

अमेरिकेत १८३० च्या दशकापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांच्या नकला करायचे. आळशी, बावळट, चोरटा, सदा दात काढून नाचणारा. थॉमस राइस नावाच्या नटाचं 'जिम क्रो' हे सोंग इतकं चाललं की पुढे काळ्यांना वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे, पाण्याचे वेगळे नळ ठरवणाऱ्या कायद्यांना तेच नाव पडलं. सोंग आधी आलं, कायदे मागून. म्हणून तिकडे हॅलोविनच्या पार्टीत कोणी तोंड काळं करून आलं की गहजब होतो. जस्टिन ट्रुडो शिक्षक असताना २००१ मध्ये शाळेच्या एका पार्टीला तोंडाला गडद रंग लावून अल्लाउद्दीन बनून गेले होते. तो फोटो २०१९ मध्ये बाहेर आला तेव्हा ते कॅनडाचे पंतप्रधान होते, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

आपल्या पोरांना यातलं काही माहीत नाही, कबूल. पण दुसऱ्याची कातडी हा अंगावर चढवायचा आणि हशा पिकवायचा कपडा आहे, एवढं मात्र त्यांना आपण पद्धतशीर शिकवतोय. आणि तेही कुठे? २०११ च्या जनगणनेत ज्या नाशिक जिल्ह्यात चारातला एक माणूस अनुसूचित जमातीचा निघाला, तिथे.

पंचवटीकर

ताई, आठ वर्षांच्या पोरांच्या नाचात वंशद्वेष शोधायचा म्हणजे कमाल झाली!

नाशिकला सोंगांचं वावडं कधीपासून? धुळवडीला वीर निघतात, दाजीबा वीर बाशिंग बांधून मिरवतो, लहान पोरं कृष्ण-शंकर होऊन रामकुंडावर जातात. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात माणसं मुखवटे चढवून रात्रभर नाचतात. तिथे कोणी देवाची माफी मागत नाही. आणि काळ्या रंगाचा तिटकारा असता तर काळ्या रामापुढे आपण डोकं टेकवलं असतं का? विठोबा काळा, कृष्ण सावळा. गुलाम ठेवले अमेरिकेने, त्यांचं पाप आपल्या पोरांनी का फेडायचं?

आणि तुमचे ते ट्रुडो, फोटो आल्यावर महिन्याभराने निवडून आलेच की!

शाईची_दौत

@पंचवटीकर, काळ्या रामाचं नाव तुम्हीच काढलंत. २ मार्च १९३० ला त्याच देवळाच्या दारात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह सुरू केला. वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. आतली मूर्ती काळी असून बाहेरच्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला, ते सांगा.

आता गुलामांचं. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. तो मोठा झाला म्हणून नाव राहिलं. त्याच्यासारखे जे हबशी इथे विकले गेले आणि मोठे झाले नाहीत, त्यांची नावंही नाहीत. तेव्हा 'हे आपल्याकडचं नव्हेच' असं म्हणता येत नाही.

आणि खास नाशिककरांसाठी. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनची वसाहत होती. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे शरणपूरला यायची. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहायला-वाचायला शिकायची. त्यांना 'नासिक बॉईज' म्हणत. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत ही मुलं होती. त्यातला जेकब वेनराइट शरणपूरला शिकलेला. तो शवपेटीबरोबर थेट इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत पेटीला खांदा देणाऱ्यांत होता. पुढे मोम्बासाजवळ फ्रेअरटाउन वसलं, तेही बरंचसं इथून गेलेल्या लोकांनीच.

तर नाशिकने आफ्रिकेचा माणूस पाहिलाय. हातात रंधा घेतलेला, पुस्तक घेतलेला. कवट्यांची माळ घातलेला नाही. गॅदरिंगमध्ये आफ्रिका दाखवायचीच हौस असेल तर वेनराइट दाखवा, नाटुकलं छान होईल. (अर्थात त्याला ड्रेपरीत तयार सेट मिळणार नाही.)

सातपूर_शिफ्ट

माहिती भारी, आवडली. पण मुद्दा पटला नाही.

आमच्या कंपनीत कंत्राटी पोरं बहुतेक पेठ, हरसूल, सुरगाण्याची. कायम किती झाली ते विचारा. गावाकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पोरं आश्रमशाळेत, आईबाप द्राक्षबागेत छाटणीला. हे सगळं सोडून आपण चर्चा कशावर करतोय, तर गंगापूर रोडच्या शाळेत कोणत्या ट्यूबमधला रंग लावायचा! ड्रेपरीची पिशवी जाळली तर टँकर येणार आहे का? ज्यांची पोटं भरलेली असतात त्यांना असल्या भावना दुखवून घ्यायला वेळ असतो. आदिवासी माणसाला विचारा, तो हसेल आणि कामाला लागेल.

सुरगाणेकर

विचारताय म्हणून सांगतो. मी कोकणा आदिवासी, सुरगाणा तालुक्यातला, नाशकात नोकरीला. हसलो नाही.

टँकर आणि रंग वेगळे नाहीत, साहेब. ज्याला तुम्ही स्टेजवर लहानपणापासून भाला घेऊन 'झिंगालाला' करताना बघितलंय, त्याला कायम करायची वेळ आली की सुपरवायझरच्या मनात कोण उभं राहतं? कॉलेजला होतो तेव्हा हॉस्टेलच्या जिन्यात माझ्यामागे हीच आरोळी यायची. आरोळी ठोकणारी पोरं वाईट नव्हती. परीक्षेच्या आधी माझ्याच नोट्स न्यायची. नंतर खोली शोधायला निघालो. फोनवर मालकाची बोली गोड, घरी गेल्यावर आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणे, "तुमच्याकडचे लोक पिऊन दंगा करतात, आमच्याकडे फॅमिली आहे." मी चहाही घेत नाही.

आता नाचाचं. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव बसतो. माऊल्या, म्हणजे व्रत धरणारे, घर सोडतात, नेम पाळतात, पावरीच्या सुरावर नाचत गावात फिरतात. अंगात धुतलेले साधे कपडे. पानांचा घागरा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो नाशिकच्या गॅदरिंगमध्ये. वारल्यांच्या तारप्यात तर वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही असा नेम. तुमच्या स्टेजवर सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून किंचाळत असतात.

काका, बोहाड्याचं तुम्ही लिहिलंत. ते मुखवटे देवादिकांचे आणि राक्षसांचे. शेजारच्या गावच्या माणसाचे नसतात.

मार्च २०१८ मध्ये आमचे लोक वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईला पायी निघाले, तेव्हा फुटलेल्या तळव्यांचे फोटो अख्ख्या नाशिकने स्टेटसला ठेवले होते. त्याच वर्षीच्या गॅदरिंगला पानांचे घागरे होतेच.

सातपूर_शिफ्ट

सुपरवायझरचं बोललात ते लागलं. त्यावर विचार करतो. पण तरी, आधी कायम करा, मग घागरे बघू, असं माझं म्हणणं राहीलच.

मधलीसुट्टी

मी प्राथमिक शाळेत शिकवते, धागाकर्तीच्या शाळेत नाही. दुसरी बाजू ऐकाल का?

गॅदरिंग आता आम्ही बसवत नाही. बाहेरून कोरिओग्राफर येतो, बारा वर्गांचे बारा नाच पंधरवड्यात बसवतो. पालकांना स्टेज 'भरलेलं' दिसायला हवं. ज्या नाचात पोरांना पावलं जमत नाहीत तिथे 'ट्रायबल' ठेवतात, कारण उड्या मारल्या तरी खपतं. सगळे सारखेच रंगवले की तीस मुलांचा वेगळा मेकअप वाचतो. द्वेष वगैरे कोणाच्या डोक्यातही नसतो. असते ती घाई.

पण घाईत काय होतं ते सांगते. माझ्या वर्गात आरटीईतून आलेली एक मुलगी होती, आईवडील पेठकडचे, बांधकामावर. तालमीला मुलं ओळीत उभी होती, मेकअपवाले काका वाटीत रंग कालवत होते. तिच्यापाशी आल्यावर ब्रश थांबवून म्हणाले, "हिला काय लावायचं, ही रेडीमेड आहे." आणि तिला पुढच्या ओळीत उभी केली. मुलं हसली, दोन बाई हसल्या. ती पण हसली. मग वाटीत बोट बुडवून तिने स्वतःच्या गालावर रेघ ओढली आणि म्हणाली, "मला पण लावा ना."

तेव्हा हेतू नव्हता हे मी शपथेवर सांगेन. पण त्याने तिला काय फरक पडला, ते मला माहीत नाही.

पंचवटीकर

हे वाईटच. त्या मेकअपवाल्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती.

पण एका माणसाच्या जिभेपायी सगळं बंद? मग कोळी डान्स बंद करा, धनगरी गजा बंद करा, शेतकरी नृत्य बंद करा. सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये पोरं दाढी चिकटवून सरदारजी होतात, डोळे बारीक करून चिनी होतात, वेष्टी लावून 'अय्यो' करतात. मद्रासी माणूस आपल्यावर विनोद करत नसेल का? एकमेकांची थट्टा केल्याशिवाय हा देश एक दिवस चालायचा नाही. बायकोच्या माहेरचे खानदेशी आहेत, ते माझ्या बोलण्याची नक्कल करतात, मी त्यांच्या शेवभाजीला नावं ठेवतो. कोणी कोर्टात गेलं नाही.

गोदाकाठची

काका, तुमच्या सासरचे आणि तुम्ही एकमेकांना टोमणे मारता कारण दोघांच्या हातात घराची किल्ली आहे. खोली शोधणाऱ्या पोराला मालकाची नक्कल करून दाखवायची सोय नसते.

कोळी नाच चालू दे की. लुगडं खरं असतं, चाल त्यांची असते, आणि कोणी कोळणीची कातडी रंगवत नाही. माझी रेघ तिथेच आहे. कपडा, गाणं, वाद्य घ्या, शिकून घ्या. अंगाचा रंग, डोळ्यांची ठेवण, नाक-ओठ यांचं सोंग नको. ज्याला ते रात्री तेलाने पुसून टाकता येत नाही, तोच माणूस दुसऱ्या दिवशी रिक्षात शेजारी बसतो.

'मुलांची निरागस परंपरा' हे नेदरलँड्समध्येही म्हणत होते. नोव्हेंबर-डिसेंबरात सेंट निकोलसबरोबर येणारा 'काळा पीट' : काजळी फासलेलं तोंड, लाल ओठ, कुरळा टोप. तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट्टे आधी त्याची बाजू घ्यायचे, २०२० मध्ये त्यांनीच आपलं मत बदलल्याचं सांगितलं. आता बऱ्याच ठिकाणी पीट येतो तो धुराड्यातल्या काजळीचे चार फटकारे गालावर घेऊन. मुलांना खाऊ तेवढाच मिळतो.

कात्री_कंगवा

'डोळे बारीक करून चिनी' वाचलं म्हणून लिहिते. कॉलेज रोडला माझं पार्लर आहे. माझ्याकडे मणिपूरच्या मुली कामाला आहेत. हात सोन्याचे, गिऱ्हाइकं त्यांचंच नाव घेऊन अपॉइंटमेंट मागतात. आणि खुर्चीत बसल्यावर त्याच बाई विचारतात, "तुम्ही कुत्रं खाता का गं?" २०२० मध्ये पार्लर उघडल्यावर एक पोरगा त्यांना बघून 'कोरोना, कोरोना' ओरडत बाइकवरून गेला. त्याआधी 'चायना' होतंच.

दिल्लीत २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाला केसांवरून चिडवलं, त्यातून मारामारी झाली आणि पोरगा जिवानिशी गेला. त्यानंतर सरकारने समिती नेमली, अहवाल आला. माझ्या मुली आजही रात्री आठनंतर तोंडाला स्कार्फ बांधून घरी जातात, आणि ते धुळीसाठी नाही.

सुरगाणेकर

एक बोलायचं राहिलं, आणि हे गोदाकाठच्या ताईंना. तुमचा हेतू चांगला आहे, पण 'रंग नको' म्हणून आमचा नाचच कार्यक्रमातून उडाला तर मला ते नको आहे. शाळा तेवढंच करतात. कटकट नको म्हणून त्या जागी एखादं सिनेमाचं गाणं टाकतात. ड्रेपरीच्या पैशात पावरी वाजवणारा माणूस एसटीने येईल, जेवेल, मुलांना चार पावलं शिकवेल. आमच्या नावाने कोणी बंदी मागू नका. आम्हाला बोलवा.

मधलीसुट्टी

सुरगाणेकर, हे मी आमच्या मुख्याध्यापकांपुढे मांडते. मानधनाची पावती लागेल, ते आधीच सांगून ठेवते. शाळा त्यावरच अडते.

गोदाकाठची

अपडेट. आत्ता ग्रुपवर मेसेज आला, काळा रंग रद्द. कारण : मागच्या वर्षी काही मुलांना पुरळ उठलं होतं आणि स्टेजचा पडदा खराब झाला म्हणून हॉलवाल्याने डिपॉझिट कापलं. माझ्या मेसेजचा उल्लेखही नाही. घागरा, माळ, भाला कायम.

पंचवटीकर

झालं ना तुमच्या मनासारखं? मग आता वाद कशाचा?

सुरगाणेकर

पुढच्या वर्षी पुरळ न उठणारा रंग आणतील, काका.