एकाच गावात दोन ‘रामा वल्द दगा’, दोघांच्याही बायका सखूबाई. मुलं कोणाची कोणती?

बोरीकाठ
अमळनेर तालुक्यातल्या एका गावाची वंशावळ लावतोय. कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) १८९५ ते १९३० दरम्यान ‘रामा वल्द दगा’, म्हणजे दगाचा मुलगा रामा, जागोजागी येतो. १९०८ च्या मार्चमध्ये त्याला मुलगी, लगेच ऑगस्टमध्ये मुलगा. म्हणजे आया दोन, आणि बहुधा माणसंही दोन. जुन्या उताऱ्यांवर ‘सखूबाई भ्र. रामा’ (भ्रतार, म्हणजे नवरा रामा) सुद्धा दोन ठिकाणी आहे. दोन्हीकडे आडनाव पाटील. मुलांची वाटणी कशावरून करू? आते काय करानं?

काळीमाती
दादा, नाव सोडा, जमीन धरा. माणसांची नावं सारखी निघतात, पण दोन कुटुंबांचा सर्व्हे नंबर सहसा वेगळा असतो. जन्म-मृत्यूची प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर उतरवा आणि तीन गठ्ठे करा: रामा अ, रामा ब, आणि ‘ठरलं नाही’. हा तिसरा गठ्ठा मोठा राहिला तरी चालेल. तो लवकर संपवायच्या नादातच बहुतेक वंशावळी बिघडतात.

मग क-ड-ई पत्रक (जमिनीचं जुनं हक्कपत्रक) आणि जुने फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी) काढा. दोन्ही रामांचे वारस फेरफार मिळाले की त्यात आलेली मुलं आपोआप त्या-त्या गठ्ठ्यात जातात. वाचताना या गोष्टी बघा:

‘धोंडू रामा, अपाक आई सखूबाई’ अशी नोंद म्हणजे सोनं. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आई, मूल आणि जमीन एका ओळीत सापडतात, शिवाय तेव्हा मुलगा सज्ञान नव्हता हेही कळतं.

‘एकुमॅ’ दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचंच नाव लागलेलं असतं, धाकटे भाऊ कागदावर दिसतच नाहीत.

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याआधीच्या फेरफारात मुलगे असले की बायको-मुलींची नावं सहसा नसतात. सखूबाईचं नाव नाही म्हणून ती आधीच वारली, असं लिहून मोकळे होऊ नका.

आणि एकत्रीकरण (जमिनीचे तुकडे जोडणं) झालेल्या गावात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. आजच्या सातबाऱ्यावरून मागे जायचं तर आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या. नाहीतर गट ४५ आणि सर्व्हे ४५ एकच समजून भलत्याच घरात शिराल.

केळीबाग
फेरफारात जगलेले मुलगेच येतात. लहानपणी गेलेली मुलं आणि लग्न होऊन गेलेल्या मुली कोतवाल बुकातच शोधाव्या लागतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचंच नाव असतं, मुलाचं नाव नसतं आणि आईचंही नसतं. तिथे तारखांचं अंतर कामाला येतं. मार्चची मुलगी आणि ऑगस्टचा मुलगा वेगळे झालेच. आता प्रत्येकाच्या मागेपुढे जाऊन बघा, कोणता दुसरा जन्म त्याच्या नऊ महिन्यांच्या आत पडतो; ती दोन मुलं एका आईची नाहीत. जिथे पडत नाही तिथे हा पुरावा गप्प बसतो, ओढूनताणून लावू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरलं मूल तुमच्या गावच्या बुकात नसेलच, ते सखूबाईच्या माहेरच्या बुकात असेल. दोघींची माहेरं वेगळी निघाली की निम्मा गुंता सुटतो. मृत्यूच्या नोंदीतलं वय मात्र अंदाजे धरा, ५०, ६०, ७० असंच लिहिलेलं असतं. मोडीतल्या नोंदी वाचकाकडून वाचून घेताना ‘वल्द’ की ‘कोम’ हे मुद्दाम विचारा. कोम म्हणजे अमक्याची बायको.

आमराई_७
काळीमाती भाऊ, एका ठिकाणी असहमत. दोन्ही रामा एकाच भाऊबंदकीतले असतील तर सर्व्हे नंबरही एकच निघेल. आपल्याकडे वारलेल्या आजाचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून रामा-दगा, दगा-रामा अशी साखळी चालते, आणि चुलत शाखांत तीच नावं एकाच पिढीत येतात. अशा वेळी पोटहिस्सा बघावा लागतो: ४५/१ कोणाचा, ४५/२ कोणाचा, आणि वाटणीचा फेरफार कोणत्या साली झाला.

पाटील हे वतन की आडनाव, तेही तपासा. एकाचं मूळ कूळ पवार आणि दुसऱ्याचं सोनवणे असेल तर भांडणच मिटलं. हे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कळू शकतं. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. जुन्या नोंदीला शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची तिथी असेल तर ७९.

बोरीकाठ
पोटहिस्स्याचं डोक्यातच नव्हतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना काय लिहू?

काळीमाती
आमराई बरोबर आहेत, पोटहिस्सा घ्याच. अर्जात गाव पूर्ण लिहा: खुर्द की बुद्रुक, आणि पुढे ‘प्र.’ (प्रगणे) असेल तर तेही. आपल्याकडे एकाच नावाची गावं एकाच तालुक्यात निघतात. १९०६ ला खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा त्यानंतरच्या जुन्या कागदांवर जिल्हा ‘पूर्व खानदेश’ दिसेल. नाव देऊन ‘सर्व नोंदी द्या’ असं मागू नका, सर्व्हे नंबर आणि फेरफार नंबर द्या. फेरफार नंबर जुन्या उताऱ्यावर वर्तुळात असतो.